शेवळांचा शनिवार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि शाळेतल्या ज्या मैत्रिणीबरोबर वर्षानुवर्षं एकाच डब्यातून जेवले तिलाही नाही — तिला तर मुळीच नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता मी निवृत्त झाले, कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही, म्हणूनही असेल. धोका टळल्यावर खरं बोलणं सोपं असतं, एवढं आधीच कबूल करून ठेवते. पुढे कुठे माझं कौतुक वाटायला लागलं तर हे वाक्य आठवा.

मी अंबरनाथला एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आठवी, नववी, दहावी. मुलं समोर 'बाई' म्हणायची आणि पाठीमागे 'झाडवाल्या बाई'. ते माझ्या कानावर यायचं, आणि खोटं कशाला बोलू — आवडायचंही. इतर शिक्षकांना मागून काय काय म्हणायची ते मी ऐकलेलं होतं. त्या मानाने झाडं बरी.

हे नाव पडलं दगडफुलामुळे. नववीला मी शैवाक शिकवत होते. पुस्तकात चित्र, फळ्यावर चित्र, मुलांच्या वहीत त्या चित्राचं चित्र. एकाने विचारलं, "बाई, हे मिळतं कुठे?" मी म्हटलं, तुझ्या आईच्या मसाल्याच्या डब्यात. दगडफूल म्हणजे तेच की. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं घरून दगडफूल घेऊन आली, आणि शेवटच्या तासापर्यंत वर्गाला गोड्या मसाल्याचा वास येत राहिला. मग मी सांगितलं, की हे झाडाच्या सालीवर वाढतं आणि हवा घाण असेल तिथे वाढत नाही. मुलं म्हणाली, चला बघू. गेलो. शाळेपासून मोरिवलीपर्यंत, कारखान्यांच्या भिंतीकडेने, प्रत्येक झाडाचं खोड बघत. एकावरही नव्हतं. पुढच्या शनिवारी बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी गेलो, तर तिथल्या खोडांवर राखाडी-हिरवे ठिपकेच ठिपके. मुलं त्या झाडांना हात लावून उभी राहिली. 

तेव्हा मागून एक बारीक आवाज आला. "म्हणजे बाई, दगडफुलाला आमच्याकडची हवा चालत नाय, आणि आमाला चालते?"

ही दर्शना. मोरिवलीची. तिचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून. गाव आधीचं, भिंत नंतरची. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि वर्षभरात तिने तोंड उघडलेलं मला आठवत नव्हतं. चाचणीत जेमतेम मार्क. आणि हा प्रश्न.  'चांगला प्रश्न आहे' म्हणून मी पुढे चालायला लागले — शिक्षकांची ही जुनी युक्ती तुम्हालाही माहीत असेल.

तर असे आमचे शनिवार सुरू झाले. अर्धी शाळा सुटली की नववीची मुलं, एका पालकांचा टेम्पो आणि मी. मागे उभी राहून मुलं इतकी ओरडायची की वाटेत बदलापूरच्या बेलवलीतली माणसं घराबाहेर येऊन बघायची. उल्हासनगरहून येणारा एक मुलगा होता, त्याच्या घरून दर वेळी सिंधी पापडांची चळत यायची. मिरीचे ते तिखट पापड सावलीत बसून खाल्ल्याशिवाय आमचा अभ्यास सुरूच होत नसे. ओढ्याचं पाणी वर्तमानपत्राच्या गाळणीतून गाळलं. मुंग्यांच्या रांगेत साखर आणि मीठ ठेवून बसलो. पळसाची मुळं किती खोल जातात ते बघायला कोसळलेल्या दरडीखाली उभे राहिलो आणि टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. मी एकच नियम केला होता. आधी बघायचं, मग हात लावायचा, मग नाव विचारायचं. 'पुस्तकात काय आहे ते पुस्तकाला माहीत आहे, तुला काय दिसलं ते सांग' — हे माझं लाडकं वाक्य. मी ते इतक्या वेळा म्हणायचे की मुलं माझी नक्कल करायची, हातवाऱ्यांसकट.

आणि दर्शना. वर्गातली मुकी मुलगी डोंगराच्या पायथ्याशी आली की बोलायला लागायची. तिला नावं फार माहीत होती अशातला भाग नाही. कितीतरी झाडांना ती सरळ 'ह्याला काय बोलतात?' विचारायची. पण तिला दिसायचं. अमुक पानाच्या खालीच अंडी का आहेत, वर का नाहीत? ह्या बाजूचा दगड ओला आणि त्या बाजूचा कोरडा, असं कसं? मला शिकवण्याच्या एवढ्या वर्षांत असं मूल फार कमी वेळा मिळालं. मी तिच्या आईला शाळेत बोलावून सांगितलं, हिला दहावीनंतर सायन्सला घाला. तिची आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाय, तुमी सांगाल तसा."

बघा, माझं अजून तेच चाललंय. त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की मला थांबवत नाही. ते दिवस खरंच तसे होते, मी रंगवून सांगत नाहीये. पण ते इतके छान होते म्हणून मी इथेच घुटमळतेय हेही खरं. पुढे जायचं जिवावर येतंय. जाते.

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर शेवळं सांगावी लागतील. मे सरत आला की डोंगरउतारावर जमिनीतून एक तपकिरी-जांभळा कोंब वर येतो. पान नाही, फांदी नाही, नुसता कोंब. सुरणाच्या जातीतला. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात बायका त्याच्या जुड्या घेऊन बसतात आणि शेजारी काकडांचे वाटे लावतात. काकडं म्हणजे लहान आवळ्यासारखी हिरवी, आंबटढाण फळं. शेवळं घेतली की काकडं घ्यावीच लागतात, कारण शेवळं खाजरी. तशीच खाल्ली तर जीभ टोचते, घसा धरतो. काकडाच्या आंबटाने ती खाज मरते. माझ्या आईच्या हातची शेवळं खायला ठाण्याहून नातेवाईक यायचे. कोंबाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, चिरताना हाताला तेल लावायचं, काकडं उकडून कुस्करून त्यांचा कोळ घालायचा — हे मी परकरात होते तेव्हापासून बघत आलेय. हे मुद्दाम सांगते. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आणि विज्ञानाच्या बाईला यात काय दिसेल? आम्लाचा अख्खा धडा. कोंबात सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. आंबट घातलं की त्यांचं टोचणं कमी होतं. आमच्या आज्यांनी प्रयोगशाळेवाचून शोधून काढलेलं रसायनशास्त्र. मी ठरवलं, या वर्षी शाळा उघडली की पहिला शनिवार शेवळांचा. दोन भांडी. मोठ्या टोपात काकडं घालून भाजी, ती सगळ्यांनी खायची. छोट्या पातेल्यात तीच भाजी, काकडांशिवाय — त्यातला कण फक्त जिभेच्या टोकाला लावायचा आणि थुंकायचा. बाकी तेल, कांदा, तिखट, मीठ सगळं सारखं. फरक कशाने पडला ते मुलांनी सांगायचं. आज कुणा तरुण शिक्षिकेने हा बेत मला सांगितला तर मी तिला वेड्यात काढीन. तेव्हा मला तो फार सुंदर वाटला होता.

त्या शनिवारी एक पाहुणे यायचे होते. शाळा चालवणाऱ्या संस्थेतले. आमच्या शनिवारांबद्दल तक्रारी गेल्या होत्या — पोर्शन मागे पडतो, मुलं चिखल घेऊन घरी येतात, दहावीचं वर्ष तोंडावर आणि ही बाई मुलांना रानात फिरवते. पाहुणे बघणार आणि मग ठरवणार, शनिवार चालू ठेवायचे की नाही. म्हणजे माझी परीक्षाच होती. मी तयारीही परीक्षेसारखी केली. शुक्रवारी संध्याकाळी मोरिवलीला दर्शनाच्या घरी गेले. तिच्या आईने बिनदुधाचा चहा दिला आणि सांगितलं, "आता शेवलां शेवटची हायत बाय. शेवटची जास्ती खाजतात. काकडां कमी नका घालू." मी म्हटलं, तुम्हीच द्या करून. तिने रात्रीच काकडं उकडली, कुस्करली, बिया काढल्या आणि फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून दर्शनाबरोबर पाठवली.

शनिवारी आभाळ भरून आलेलं होतं पण पाऊस नव्हता. पाहुणे सफारी घालून आले आणि बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडावरून दगडावर पाय टाकत राहिले. मुलांनी शेवळं शोधली. दर्शनाने पिवळा भाग कसा काढायचा ते सगळ्यांना दाखवलं; कारखान्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा ओंकार, ज्याने घरी कधी कांदाही सोलला नसेल, तो तिच्याकडून शिकत होता. पाहुण्यांनी ते बघून मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. चुली पेटल्या, फोडण्या झाल्या, दोन्ही भांड्यांत शेवळं पडली. दर्शना डबा घेऊन आली, "बाई, टाकू का मोठ्यात?" मी म्हटलं, राहू दे, मी टाकते, तू जाऊन हात धू. मला ते पाहुण्यांसमोर करायचं होतं. सगळ्या मुलांना भोवती बसवून, समजावून सांगत. माझ्या हाताने.

डबा मी माझ्या झोळीत ठेवला. आणि तेवढ्यात झाडीतून नवरंगाची शीळ आली.

नवरंग तुम्ही बघितलाय का? पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे येतो. हिरवा, निळा, पिवळसर, पोटाखाली लाल. दिसत नाही सहसा, नुसता शीळ घालतो. त्या दिवशी तो समोरच्या फांदीवर येऊन बसला. मी पाहुण्यांचा हात धरला — खरंच धरला, त्या सफारीवाल्या माणसाचा — आणि त्यांना झाडाखाली नेलं. मुलं दबक्या पावलांनी मागे. कुणी हूं की चूं केलं नाही. तो पक्षी पुन्हा पुन्हा शीळ घालत होता आणि पाहुणे तोंड उघडं टाकून वर बघत होते. लहान मुलासारखे. मला कळलं, शनिवार वाचले. आजही डोळे मिटले की ती फांदी दिसते मला. आणि मग पुढचं सगळं दिसतं.

परत आलो तेव्हा भाजी शिजली होती. मी चव न घेता टोप उतरवला. आईने शिकवलं होतं तसं मीठसुद्धा चाखून बघितलं नाही. आधी छोट्या पातेल्यातला कण मुलांनी जिभेला लावला, थू थू केलं, हसली. मग मोठ्या टोपातून भाकरीवर वाढलं. पहिले घास गेले, आणि थोड्या वेळाने एकेक जण घसा खाकरायला लागला. कुणी पाणी मागितलं. कुणी रडायला लागलं. ओंकारने भुकेल्यासारखं भरपूर खाल्लं होतं; त्याचे ओठ सुजायला लागले. पाहुणे लांब जाऊन थुंकत होते.

दर्शनाने दोन्ही भांड्यांतला एकेक कण परत जिभेला लावला. त्या गोंधळात, शांतपणे. आणि माझ्याकडे आली. "बाई, दोन्ही सेमच खाजतंय. मोठ्यात काकडं पडलीच नाहीत."

मी म्हणाले, घातली की गं. ते मी खरं समजूनच म्हणाले, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मनात इतक्या वेळा ती काकडं घालून झाली होती, की ती घातली असंच मला वाटत होतं.

मग मी कोकम काढायला झोळीत हात घातला. कुणाचा घसा धरलाच तर म्हणून गूळ-कोकम बरोबर होतं माझ्या. आणि हाताला डबा लागला. जड.

इथे मी थांबू शकले असते ना? नुसतं एवढं म्हणायचं होतं — अरे देवा, राहिलंच की घालायचं. माणूस विसरतो. मुलांनी दोन दिवस चिडवलं असतं आणि विसरून गेली असती. मी सगळ्यांना कोकम दिलं, ओंकारला टेम्पोत पुढे बसवलं, आणि टेम्पोवाला गाडी वळवेपर्यंत 'आले' म्हणून करवंदीच्या जाळीमागे गेले. झाकण उघडलं. सगळी काकडं तिथे ओतली. ओढ्याच्या पाण्यात डबा धुतला, पदराने कोरडा केला, आणि टेम्पोत चढताना दर्शनाच्या हातात दिला. तिने तो दप्तरात ठेवला. मी तिला म्हणाले, "आईला सांग, डबा धुऊन दिलाय."

हीच ती गोष्ट. आता उरलेलं ऐका.

बदलापूरच्या डॉक्टरांनी ओंकारला इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत सूज उतरली, रविवारी तो क्रिकेट खेळत होता. पण सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत पालक जमले. ओंकारचे वडील आवाज न चढवता बोलत होते, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. पाहुण्यांचा फोन येऊन गेला होता. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, नक्की काय झालं? मी म्हणाले, काकडं दर्शनाच्या घरून आली होती, ती जुनी असावीत, नासकी असावीत, त्यांचा आंबटपणा गेला होता. माझी चूक एवढीच, की मी तपासून घेतली नाहीत. बघा कशी सफाई! आपल्या अंगाला थोडी राख फासली की माणसं आपल्याला प्रामाणिक समजतात.

दर्शनाला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. मुख्याध्यापिका तिच्यावर ओरडल्या नाहीत, त्या चांगल्या होत्या. नुसतं विचारलं, आईने काकडं केव्हाची आणलेली होती? ती म्हणाली, शुक्रवारची, ताजी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण बाई, नासकी असती तरी थोडा तरी फरक पडला असता ना? दोन्ही सेमच लागत होतं."

मी आयुष्यभर मुलांकडून हेच मागत होते. तुला काय दिसलं ते सांग. त्या खोलीत, सगळ्या मोठ्या माणसांत, विज्ञान एकटी तीच बोलत होती. आणि मी तिला काय म्हणाले? शब्दन् शब्द आठवतो मला. "दर्शना, घसा धरल्यावर चव कळत नाही. तुला तसं वाटलं असेल. आणि घरचं म्हणजे बरोबरच, असं नसतं गं." मी हे ओरडून बोलले नाही. अगदी मायेने बोलले, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही म्हणेल, बाई, तुम्ही खोटं बोलताय. ती तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं असं आज वाटतं. पण तिने मान खाली घातली. तिला पटलं होतं. स्वतःच्या जिभेपेक्षा तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या वयाची मुलं कशी असतात ते तुम्हाला सांगायला नको. आठवडाभरात तिचं नाव 'खाजकुयली' पडलं. मधल्या सुट्टीत तिच्या डब्याला कुणी हात लावेना. ती जवळून गेली की मुलं मान खाजवायची. मी रागवायचे त्यांना, अगदी मनापासून रागवायचे. एकदा तर या विषयावर वर्गात भाषणही दिलं, माणसाला असं वाळीत टाकू नये म्हणून. मुलं गप्प बसली आणि मी बाहेर गेल्यावर पुन्हा मान खाजवायला लागली. दर्शना शनिवारी यायची बंद झाली. आईला बरं नाही, घरी काम आहे, असं सांगायची. दोनदा विचारलं मी. तिसऱ्यांदा विचारलं नाही. खरं सांगू? ती टेम्पोत नसायची तेव्हा मला हलकं वाटायचं. दहावीनंतर तिने कॉमर्स घेतलं. तिच्या आईला मी समजवायला गेले नाही.

शनिवार मात्र चालू राहिले. रांधून खायचं नाही एवढी अट घातली गेली, बस. नवरंग कामाला आला बहुतेक. पुढे कित्येक वर्षं मी मुलांना घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेले. त्यातला एक जण आज जंगल खात्यात आहे, एक मुलगी बेडकांवर अभ्यास करते आणि दर पावसाळ्यात मला फोनवर त्यांचे आवाज ऐकवते. निवृत्त होताना माझा सत्कार झाला. त्यात एकजण भाषणात म्हणाला, बाईंनी आम्हाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवलं. टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. 'त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर हे सगळं झालंच नसतं' — हे वाक्य मी वर्षानुवर्षं मनात घोळवलंय. छान वाक्य आहे, खरंही असेल. पण करवंदीमागे डबा रिकामा करताना माझ्या मनात पुढच्या मुलांपैकी कुणी नव्हतं. फक्त मी होते.

आता मी बेलवलीत राहते. या जूनमध्ये बाजारात शेवळं घेत होते. होय, मी खाते शेवळं, आवडीने खाते. घसा माझा कधी धरला नाही. मागून कुणी म्हणालं, "बाई? ओळखलंत का?" बघितलं तर ऑफिसच्या कपड्यांत एक बाई, गळ्यात ओळखपत्र, हाताशी लहान मुलगी. हसल्यावर ओळखलं. दर्शना. लग्न होऊन बदलापुरातच आली होती, एका कंपनीत अकाउंट्स बघत होती. मुलीला म्हणाली, "या माझ्या बाई. नमस्कार कर." मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. मला काही सुचेना म्हणून मी म्हटलं, शेवळं घे की, चांगली आहेत.

तिने मान हलवली. मग म्हणाली, आमच्या घरात येत नाहीत बाई, तेव्हापासून. आणि तिथेच, भाजीच्या पाट्यांसमोर, गर्दीत, तिने सांगितलं. त्या सोमवारी घरी जाऊन ती आईला नको नको ते बोलली होती. तुझ्यामुळे माझी इज्जत गेली, तुला काही येत नाही, बाईंनी मला सगळ्यांसमोर — असं. "आई आधी बोलली, ताजी होती काकडां. मी बोलले, म्हणजे बाई खोटं बोलतात का? मग ती काय बोललीच नाही. नंतर बोलली, चुकला असंल माझा." त्यानंतर आई शेवळांना गेली नाही. दर वर्षी मे महिन्यात माहेरच्या डोंगरावर जाऊन जुड्या आणणारी बाई, शेजारणी बोलवायला आल्या तरी जाईना. 'माझ्या हातची नको' म्हणायची. परवाच्या थंडीत ती गेली.

"तुम्हाला किती त्रास झाला असेल तेव्हा," दर्शना म्हणाली. "आमच्यामुळे. कधीची माफी मागायची होती बाई. आईच्या वतीने पण." तिचे डोळे भरून आले होते.

मी काय केलं असेल, तुम्हाला काय वाटतं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "अगं वेडे, इतकी वर्षं हे धरून बसलीस? मी केव्हाच माफ केलंय. दोघींनाही."

ती रडली, मग मोकळं हसली. माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि मी नको नको म्हणत असताना घरापर्यंत आली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ती पुढे जिना चढत होती, मुलगी पायऱ्या मोजत होती, आणि मी मागे. बोलायला वेळ पुष्कळ होता. दारात पिशवी ठेवून ती वाकली, आणि तिचा तो नमस्कार मी घेतला.